दार बरोबर समोर: मोफत साधनांनी एका बटणाचा लोकल-गेम

पहिला गेम करायला बसलेला माणूस कागदावर बहुतेक वेळा हेच लिहितो: मोठं शहर, दहा लेव्हल, आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायची सोय. तो गेम होत नाही. दोन रविवार चित्रं काढण्यात जातात, तिसऱ्या रविवारी पात्र भिंतीतून आरपार जायला लागतं आणि चौथ्या रविवारी लग्न असतं. म्हणून इथे जो गेम करायचा आहे तो एका पडद्याचा आणि एका बटणाचा आहे. वाचलेला वेळ आपण आकड्यांवर घालवू, कारण गेममध्ये मजा येते की नाही हे तिथेच ठरतं.

गेम असा: लोकल स्टेशनात शिरतेय. प्लॅटफॉर्मवर पहिल्या वर्गाचे तिरपे पट्टे आहेत. दार बरोबर त्या पट्ट्यांसमोर थांबवायचं. बटण एकच, ब्रेकचं. मुंबईकराला याहून जास्त नियम सांगावे लागत नाहीत. गाडी चार पावलं पुढे गेली तर प्लॅटफॉर्मवर काय होतं, हे त्याला पाठ आहे.

कल्पना मोटरमनची असली तरी खऱ्या लोकलचं सिम्युलेटर करायच्या फंदात पडू नका. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या आसपास लांब असते. आपल्याला त्यातलं एक दार पुरेसं आहे.

साधन कुठलं घ्यायचं

मोफत साधनं पुष्कळ आहेत, पण पहिल्या गेमपुरती तीनच नावं लक्षात ठेवा: स्क्रॅच, जीडेव्हलप आणि गोडो. स्क्रॅचमध्ये ब्लॉक एकमेकांना जोडायचे असतात. जीडेव्हलपमध्ये 'असं झालं तर तसं कर' अशा ओळी भरायच्या असतात. गोडोमध्ये खरोखरचा कोड लिहावा लागतो.

मी इथे स्क्रॅच घेतोय. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबनं २००७ साली ते लोकांसमोर आणलं आणि तेव्हापासून त्याच्यावर 'लहान मुलांचं' असा शिक्का बसलाय. शिक्क्याकडे दुर्लक्ष करा. व्हेरिएबल (आकडा साठवायचा कप्पा), लूप (परत परत चालणारा भाग), अट, संदेश या चार गोष्टी तिथे जशा आहेत तशाच पुढे गोडोतही भेटतात. शिवाय स्पेलिंग चुकलं म्हणून गेम चालत नाही, असं इथे होतच नाही. नवशिक्याचा निम्मा वैताग तिथेच संपतो.

फुकट मिळणारी बंद साधनंही असतात, म्हणजे ज्यांचा कोड मालकाकडेच राहतो. पण त्यांच्या अटी मालकाच्या मर्जीवर चालतात. युनिटी या गेम बनवायच्या साधनाच्या कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं होतं. जगभरातून आरडाओरडा झाला आणि वर्षभरानं तो बेत रद्द झाला. गोडोचा परवाना एमआयटी प्रकारचा आहे, म्हणजे आज हातात असलेली आवृत्ती उद्या कुणी काढून घेऊ शकत नाही. शिकायलाही हा हिशेब लागू आहे, कारण शिकण्यात घालवलेला वेळ परत मिळत नाही.

यंत्र साधं चालेल. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना लॅपटॉपही या कामाला पुरतो. स्क्रॅच ब्राउझरमध्ये उघडतं, आणि विंडोज किंवा मॅकवर एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. लिनक्स असेल तर टर्बोवार्पची डेस्कटॉप आवृत्ती घ्या. हा स्क्रॅचचाच वेगवान भाऊ आहे, त्याच फाइली उघडतो, आणि शेवटी आपल्याला तो लागणारच आहे.

कागदावरचं गणित

संगणक सुरू करण्याआधी एक समीकरण कागदावर लिहा. शाळेत ते पाठ केलं होतं, पण कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं: थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ब्रेकच्या जोराची दुप्पट.

स्क्रॅचचा पडदा ४८० बिंदू रुंद आणि ३६० बिंदू उंच असतो. शून्य मध्यभागी, म्हणजे आडवा अक्ष उणे २४० ते अधिक २४०. स्क्रॅच सेकंदाला ३० वेळा चित्र बदलतं. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणू. समजा गाडीचा वेग दर फ्रेमला ८ आहे आणि ब्रेक दर फ्रेमला ०.१ वेग कमी करतो. ८ चा वर्ग ६४, भागिले ०.२, म्हणजे थांबायला ३२० लागतात. वेग १० केला तर लागतात ५००. वेग सव्वापट केला, तर अंतर दीडपटीहूनही जास्त वाढलं. आपल्या गेमची सगळी गंमत या एका वाक्यात आहे, कारण माणसाचा अंदाज सरळ रेषेत चालतो आणि गाडी चालत नाही.

आता दाराची जागा. गाडी उजवीकडे चाललीय असं धरा, म्हणजे खेळणाऱ्याला पुढचं जास्त दिसायला हवं. दार डावीकडे, उणे १८० वर ठेवा. पट्टे उजव्या कडेला २३५ वर दिसू लागतील. मधलं अंतर ४१५. वेग ८ असेल तर पट्टे दिसल्यावर विचार करायला ९५ उरतात, म्हणजे साधारण १२ फ्रेम, अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. वेग ९ असेल तर थांबायला ४०५ लागतात. पट्टे दिसताक्षणीच ब्रेक. आणि वेग १० असेल तर पट्टे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणजे ८ वेगाची गाडी स्लो, १० ची फास्ट. फास्टसाठी खेळणाऱ्याला आधीच्या खुणांवरून अंदाज घ्यावा लागेल. लेव्हल कशा बांधायच्या या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं.

गाडी हलवायची नाही

नवीन माणूस पहिल्यांदा गाडीचं चित्र सरकवायला जातो. तिथे स्क्रॅच अडवतं: कुठलंही चित्र पडद्याबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, कडेला थोडं अडकवून ठेवतं. आणि ४८० मध्ये हजार-बाराशेचं अंतर मावणार तरी कुठे?

म्हणून उलटं करा. डबा पडद्यावर स्थिर ठेवा आणि प्लॅटफॉर्म मागे सरकवा. पडद्याच्या वरच्या दोन तृतीयांश भागात डबा काढा, त्याला एक ठळक दार. खाली प्लॅटफॉर्मची पट्टी. डबा एकदाच काढायचा असल्यामुळे त्यावर मन लावून काम करा: खिडक्यांच्या जाळ्या, दारातला मधला खांब, आत लोंबणाऱ्या कड्या.

गाडी कुठे आहे हे चित्राला विचारायचं नाही. ते एका व्हेरिएबलमध्ये असेल, त्याचं नाव 'अंतर', म्हणजे दारापासून पट्ट्यांपर्यंत अजून किती उरलंय. चित्रांनी फक्त त्या आकड्याकडे बघून आपापल्या जागी उभं राहायचं. खरं काय ते आकड्यात, दिसतं काय ते चित्रात, ही सवय पहिल्याच गेममध्ये लावून घ्या.

व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात, खुशाल द्या: अंतर, वेग, ब्रेक, फ्रेम. आकडे मात्र कीबोर्डवरून इंग्रजी अंकांनीच भरा. देवनागरी अंक स्क्रॅचला संख्या म्हणून कळत नाहीत, तो ते शून्य धरतो, आणि गाडी जागची का हलत नाही याचा शोध लावण्यात संध्याकाळ जाते.

मुख्य लूप

डब्याच्या स्प्राइटवर, म्हणजे ब्लॉक लावता येणाऱ्या त्याच्या चित्रावर, हे ब्लॉक लावा. ब्लॉकची नावं पडद्यावर दिसतात तशीच देतोय.

१. 'व्हेन आय रिसीव्ह' घ्या आणि संदेशाचं नाव 'सुटली' ठेवा. हिरव्या झेंड्यावर फक्त 'ब्रॉडकास्ट सुटली' एवढंच लावा. पुढे प्रत्येक स्टेशनला हाच संदेश परत वापरता येतो.

२. 'अंतर' ला १२००, 'वेग' ला ८, 'ब्रेक' ला ०.१, 'फ्रेम' ला ० द्या.

३. 'वेट अंटिल' लावून त्यात 'नॉट माउस डाउन' ठेवा. मागच्या फेरीतलं बोट अजून दाबलेलं असेल तर नव्या फेरीत सुरुवातीलाच ब्रेक लागतो. हा ब्लॉक त्यासाठी.

४. 'रिपीट अंटिल' घ्या. अट: वेग ०.१ पेक्षा कमी, किंवा अंतर उणे ३०० पेक्षा कमी. दुसरी अट ब्रेकच न लावणाऱ्यासाठी. त्याची गाडी नाहीतर अनंतापर्यंत जाईल.

५. लूपच्या आत आधी 'इफ': स्पेस दाबलेली असेल किंवा 'माउस डाउन' असेल, तर 'वेग' मधून 'ब्रेक' वजा करा.

६. मग 'अंतर' मधून 'वेग' वजा करा आणि 'फ्रेम' मध्ये १ मिळवा.

७. लूपच्या बाहेर 'वेग' ला ० द्या आणि 'ब्रॉडकास्ट थांबली'.

चौथ्या पायरीत वेग 'शून्याएवढा' झाला का असं विचारलेलं नाही, याकडे लक्ष द्या. संगणक ०.१ हा आकडा दोनच्या पटीत साठवतो आणि तिथे तो नेमका बसत नाही. ८० वेळा ०.१ वजा केल्यावर काहीतरी अतिसूक्ष्म उरतं किंवा शून्याच्या खाली जातं, आणि 'शून्याएवढा' ही अट कधीच खरी होत नाही. अपूर्णांकांची तुलना करताना नेहमी 'पेक्षा कमी' किंवा 'पेक्षा जास्त' वापरा.

स्पेसबरोबर 'माउस डाउन' घेतलंय ते फोनसाठी. मुंबईत तुमचा गेम बहुतेक जण फोनवर खेळणार, तेही कुठल्यातरी गाडीत उभ्यानं, आणि फोनला स्पेसबार नसतो. पडद्यावर बोट ठेवलं की स्क्रॅच ते माउस दाबल्यासारखं धरतं.

पट्टे आणि खांब

पट्ट्यांचा स्प्राइट सोपा. 'सुटली' मिळाल्यावर 'फॉरएव्हर' मध्ये त्याचा आडवा आकडा म्हणजे एक्स, उणे १८० अधिक 'अंतर' इतका ठेवायचा. ही बेरीज उणे २३५ आणि २३५ च्या मध्ये असेल तर 'शो', नाहीतर 'हाइड'. कडेला अडकून राहण्याचा त्रास 'हाइड' मुळे दिसतच नाही.

खांब जरा जास्त विचार मागतात. फास्ट गाडीला पट्टे दिसण्याआधी ब्रेक लावायचा असेल तर वाटेत खुणा हव्यात. पट्ट्यांच्या आधी ३००, ६०० आणि ९०० वर एकेक खांब उभा करा. तीन स्प्राइट नकोत, एकाचेच क्लोन, म्हणजे गेम चालू असताना निघणाऱ्या प्रती, करा. 'माझी जागा' नावाचं व्हेरिएबल करताना 'फॉर धिस स्प्राइट ओन्ली' निवडा. म्हणजे प्रत्येक क्लोनकडे स्वतःचा आकडा राहतो. आधी त्याला ० द्या, मग तीनदा: 'माझी जागा' मध्ये ३०० मिळवा आणि क्लोन काढा. क्लोन जन्मताना त्या क्षणाचा आकडा सोबत घेऊन जातो. मूळ खांब लपवून ठेवा. क्लोनचा एक्स म्हणजे उणे १८०, अधिक 'अंतर', वजा 'माझी जागा'. दाखवण्या-लपवण्याची अट पट्ट्यांसारखीच. फेरी संपली, म्हणजे 'थांबली' आला, की 'डिलीट धिस क्लोन' लावायला विसरू नका. नाहीतर दर स्टेशनला तीन जुने खांब साचत जातात.

वेग १० असेल तर ५०० उरलेले असताना ब्रेक लावायचा. म्हणजे ६०० चा खांब दाराशी आल्यावर १० फ्रेम, एक तृतीयांश सेकंद थांबून. हे खेळणाऱ्याला सांगू नका. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात त्याचा हात ते शिकतो, आणि त्या क्षणी त्याला गेम आवडतो.

आकड्यांशी खेळणं

इथपर्यंत एका दुपारचं काम झालं. आता 'ब्रेक' आणि 'वेग' यांचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावरच्या चौकटींवर राइट-क्लिक करून 'स्लायडर' निवडा, मग 'चेंज स्लायडर रेंज'. ब्रेकसाठी ०.०१ ते ०.३०. रेंजमध्ये दशांश चिन्ह असलं की स्लायडर शतांशांनी सरकतो, नाहीतर पूर्णांकांनीच उड्या मारतो. मुख्य लूपमधलं दुसऱ्या पायरीतलं 'ब्रेक' ला आकडा देणं तात्पुरतं काढून ठेवा, नाहीतर दर फेरीला स्लायडर मूळ जागी येईल.

मग खेळत बसा. ०.३ ला गाडी रिक्षासारखी जागच्या जागी थांबते, त्यात कौशल्य काही उरत नाही. ०.०५ ला थांबायला ६४० लागतात, सगळा डाव पहिल्या खांबालाच ठरून जातो आणि पुढे नुसतं बघत बसायचं. यांच्यामध्ये कुठेतरी तुमच्या हाताला पटणारा आकडा सापडेल. माझं मत ०.१ च्या आसपासचं आहे, पण माझं ऐकून सोडून देऊ नका.

रांगत जाणारा खेळाडू

आता तुम्ही सोडून दुसऱ्या कुणाला फोन द्या. शेजारच्या घरातली मुलगी, ऑफिसात डबा खाताना समोर बसलेला सहकारी, कुणीही. नियम एकच: तोंड उघडायचं नाही. 'अगं, आता दाब' असं एकदा म्हणालात की चाचणी फुकट गेली. दुकानात माल ठेवून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून समजावता येत नाही, तसंच हे.

तिसरा-चौथा माणूस तुमच्या गेममधली पळवाट शोधून काढेल. तो गाडी सुरुवातीलाच ब्रेक मारून १ च्या वेगावर आणेल, बोट काढेल, रांगत रांगत पट्ट्यांपर्यंत नेईल आणि टिचकी मारून थांबवेल. दर वेळी अचूक. यात त्याची काही चूक नाही. हळू जाण्याची किंमत आपणच ठेवलेली नाही.

किंमत काय असावी, हे लोकलच सांगते: मागे दुसरी गाडी उभी आहे. हिशेब करा. उत्तम खेळणारा ८ च्या वेगानं ८८० जातो, ११० फ्रेम, आणि ८० फ्रेममध्ये थांबतो. एकूण १९०, म्हणजे साडेसहा सेकंदांच्या आत. पट्टे दिसल्यावर वेग २ वर आणून सावकाश गेलं तर साधारण २२५ फ्रेम, साडेसात सेकंद. सुरुवातीपासून १ नं रांगणाऱ्याला तीस सेकंदांच्या वर. पहिल्या स्टेशनांना २४० फ्रेमची मर्यादा ठेवा, पुढे २१० करा. ८ च्या वेगाला २४० मध्ये सावध माणूस पास होतो, २१० मध्ये होत नाही.

वेळ मोजायला स्क्रॅचचा 'टायमर' न घेता आपला 'फ्रेम' का मोजतोय, तर जुना लॅपटॉप किंवा स्वस्त फोन धापा टाकायला लागला की गेम सावकाश चालतो, पण 'टायमर' घड्याळाप्रमाणे पुढे पळतो. मग स्वस्त फोनवाला विनाकारण हरतो. फ्रेम मोजल्या तर सगळ्यांना सारखाच न्याय. याच कारणानं टर्बोवार्पमध्ये ६० फ्रेमची सोय दिसली तरी ती लावू नका. आपली गाडी दुप्पट वेगानं धावेल.

निकाल

'थांबली' मिळाल्यावर 'अंतर' ची 'ॲब्सोल्यूट' किंमत घ्या, म्हणजे पुढे-मागे दोन्ही सारखं. ५ च्या आत असेल तर अचूक. २० पर्यंत 'दोन पावलं'. ६० पर्यंत धावाधाव. त्यापलीकडे 'गाडी चुकली'. फ्रेमची मर्यादा ओलांडली असेल तर 'उशिरा'.

गुणांचा नुसता आकडा दाखवू नका. प्लॅटफॉर्मवर पाच-सहा माणसांचा एक स्प्राइट ठेवा आणि त्याला तीन कॉस्च्युम, म्हणजे एकाच स्प्राइटची आळीपाळीनं दाखवायची चित्रं, द्या: शांत उभे, दोन पावलं सरकलेले, आणि पिशव्या सावरत पळणारे. निकालाप्रमाणे कॉस्च्युम बदला. तीन चित्रांचं काम आहे, पण चाचणीच्या वेळी लोक हसतात ते इथेच. पळणाऱ्यांच्या चित्रात एखादी बाई पर्स छातीशी धरून, एखादा माणूस फोनवर बोलतच पळतोय, असे तपशील टाका.

स्टेशनं आणि पाऊस

दोन लिस्ट (म्हणजे याद्या) करा, 'स्टेशन' आणि 'वेगांची यादी'. पहिल्यात दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर. दुसरीत ७, ७.५, ८, ८.५, ९, १०. एक 'क्रमांक' व्हेरिएबल, जो दर 'थांबली' नंतर एकानं वाढतो, आणि मुख्य लूपच्या दुसऱ्या पायरीत वेग यादीतून घ्यायचा. सहा स्टेशनं पुरेत. तुम्ही पश्चिम रेल्वेचे असाल तर आपली स्टेशनं टाका, भांडण नको. फास्ट डावासाठी वेगळी यादी करायची असेल तर दादर, कुर्ला, घाटकोपर, तिन्हीला १० च्या वर वेग. पण १२ च्या पुढे नका जाऊ, तिथे थांबायला ७२० लागतात आणि खेळ नुसता पाठांतराचा होतो.

पावसासाठी एकच आकडा बदलायचा. रूळ ओले झाले की चाकांची पकड कमी होते, म्हणून 'ब्रेक' ०.१ वरून ०.०७ करा. ८ च्या वेगाला थांबायला आता ४५७ लागतात, म्हणजे कोरड्यात सोपं असलेलं स्टेशन पावसात फास्टसारखं होतं. वरून तिरप्या रेघांचे थोडे क्लोन पाडा आणि पार्श्वभूमी करडी करा. नवीन नियम शून्य, नवीन अडचण पूर्ण.

मराठी अक्षरं

स्क्रॅचमध्ये चित्र काढायच्या जागी देवनागरी टाइप होतं, पण ज्याच्या यंत्रावर जो फॉन्ट असेल तो दिसतो आणि मांडणी बिघडते. त्यावर खात्रीचा उपाय: इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा, मजकूर तिथे लिहा, 'पाथ' मेन्यूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, एसव्हीजी म्हणून साठवा आणि स्क्रॅचमध्ये कॉस्च्युम म्हणून चढवा. अक्षरं आता चित्र झालेली असतात, कुठल्याही फोनवर सारखीच दिसतात. फॉन्ट मुक्त किंवा बलू घ्या. दोन्ही मुंबईतल्याच एक टाइप या मंडळींनी केलेत आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यामुळे गेममध्ये वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. स्टेशनच्या नावांच्या पाट्या याच पद्धतीनं सहा कॉस्च्युम म्हणून करा आणि 'क्रमांक' प्रमाणे बदला.

आवाज

रेल्वेची खरी उद्घोषणा नेटवरून उचलू नका. स्वतः बोला, किंवा घरात ज्याचा आवाज खणखणीत आहे त्याला बोलायला लावा. ध्वनिमुद्रण फोनवर चालेल. जागा मात्र निवडा: रस्त्याकडची खिडकी बंद करून, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर तोंड केलं तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, जिथे कुणी बोलत नाही असा एखादा सेकंद निवडून 'नॉइज रिडक्शन' मध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' करा, मग पूर्ण फाइलवर तेच लावा. पंख्याची घरघर जाते. शेजारच्या कुकरची शिट्टी जात नाही, तेवढी परत मुद्रित करा.

ब्रेकच्या आवाजासाठी स्टीलच्या पातेल्याच्या कडेवर उलथनं घासा आणि 'चेंज पिच' नं स्वर खाली उतरवा. गाडी थांबत आली की आवाज हळू करायचा: लूपमध्ये 'सेट व्हॉल्यूम' ला वेग गुणिले १० द्या. एवढ्या एका ब्लॉकनं गाडीला वजन येतं. स्क्रॅच वेव्ह आणि एमपी३ दोन्ही घेतं.

चित्रं किंवा आवाज स्वतः करायचे नसतील तर केनी या नावानं मिळणारे संच बघा. ते सीसी शून्य परवान्याखाली आहेत, नाव देण्याचीही अट नाही. फ्रीसाउंड आणि ओपनगेमआर्टवर मात्र प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो, तो उतरवतानाच एका वहीत लिहून ठेवा. रेल्वेचं बोधचिन्ह डब्यावर काढू नका, साध्या रंगाच्या पट्ट्यांनीही लोकल ओळखू येते.

लोकांपर्यंत

स्क्रॅचच्या साइटवर 'शेअर' केलं की गेम लगेच सगळ्यांना दिसतो, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. तुमचे सगळे ब्लॉक कुणालाही उघडून बघता येतात, आणि तो प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय द्या व तसाच पुढे वाटा या परवान्याखाली जातो. शिकणाऱ्याला हे चांगलंच आहे.

स्वतंत्र गेमसारखा हवा असेल तर स्क्रॅचची फाइल संगणकावर साठवून टर्बोवार्प पॅकेजरमध्ये, म्हणजे त्या फाइलचा स्वतंत्र गेम करून देणाऱ्या साधनात, टाका. तिथे झिप निवडा. हाती आलेली झिप इच (itch.io) या गेमच्या साइटवर चढवा, प्रकार 'एचटीएमएल' ठेवा आणि फाइल ब्राउझरमध्ये खेळायची आहे या चौकटीत खूण करा. झिपच्या आत 'इंडेक्स' नावाची एचटीएमएल फाइल अगदी वरच्या पातळीवर असली पाहिजे. कुठल्या फोल्डरच्या आत गेली तर पान रिकामं दिसतं. पैसे लागत नाहीत. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवू नका, बऱ्याच फोनवर ती नीट उघडत नाही. दुवा पाठवा.

पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा: स्लायडर लपवले का, काढून ठेवलेलं 'ब्रेक' ला आकडा देणं परत लावलं का, आणि फोन आडवा धरून बोटानं सहाही स्टेशनं पार होतात का.

यानंतर गोडोकडे जायचं असेल तर नवीन कल्पना घेऊ नका, हाच गेम तिथे परत करा. अंतर, वेग, ब्रेक हे तेच राहतात. बदलतं ते इतकंच की गोडो प्रत्येक फ्रेमला मागची फ्रेम किती सेकंदांपूर्वी झाली तो आकडा 'डेल्टा' म्हणून देतो. वेग दर सेकंदाच्या हिशेबात लिहून 'डेल्टा' नं गुणायचा, मग फोन हळू असो की जलद, गाडी तेवढीच जाते. दर फ्रेमला ८ म्हणजे सेकंदाला २४०. ब्रेकला मात्र ३० नं दोनदा गुणावं लागतं: ०.१ चे सेकंदाच्या वर्गाला ९० होतात. आवृत्ती ४ किंवा तिच्या पुढचीच घ्या. तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरं आणि वेलांट्या सुट्या पडतात. चौथीत 'विद्याविहार' जसं लिहाल तसंच दिसतं, इंकस्केपची खटपट न करता.

गोडोत करून बघण्यासारखा एक बदल आहे. लोकलच्या केबिनमध्ये डेड मॅन्स हँडल असतं. मोटरमनला ते दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक लागतो. बटणाचा अर्थ तसाच उलटा करा: बोट ठेवलं की गाडी धावते, उचललं की ब्रेक. कोडमध्ये फक्त एक 'नॉट' वाढतो. दोन्ही प्रकार चार जणांना खेळायला द्या आणि कुठला जास्त वेळ हातात राहतो ते बघून एक ठेवा.